हळदीच्या गाण्यांची आक्का

"आधी मामाचं नाव सांगा."

गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढलं रे चढलं, की आक्का हे वाक्य त्याच्या अंगावर टाकायच्या. नवरीचं नाव नंतर, नवरदेवाचं त्याच्याही नंतर. समोरचा मुलीचा बाप आधीच लग्नाच्या धावपळीनं बेजार झालेला असायचा. मेहुण्याला जन्मभर 'पाहुणे' म्हणून हाक मारलेली, त्याचं खरं नाव काही केल्या आठवायचं नाही. मग घरी फोन, घरातून आजोळी फोन, आणि पाच-दहा मिनिटं आमच्या दुकानात नुसता मामाचा शोध चालायचा.

एखादा हात टेकायचा. "मामा न्हाई हो आक्का. पोरीच्या मायला भाऊच न्हाई."

"मामा न्हाई असं लेकरू नसतंय. गावात कोणी राखी बांधून घेत असंल. आठवा."

आणि खरंच कोणीतरी निघायचं. कधी शेजारचा पिठाच्या गिरणीवाला, कधी बापाचा मित्र, एकदा तर एसटीचा कंडक्टर निघाला. त्याचं नाव हळदीच्या गाण्यात लागायचं आणि तो गडी लग्नात नवा फेटा बांधून वरमायेच्याही पुढं चालायचा. असे कितीतरी मामा आक्कांनी घडवले. सरकारी खात्यानंही एवढ्या नेमणुका केल्या नसतील.

माझं हिंगोलीत मंडप आणि साउंडचं दुकान आहे. दुकानाच्या मागं एक खोली आहे, तिथं मी रेकॉर्डिंग करतो. मी तिला स्टुडिओ म्हणतो, माझी बायको कोंडवाडा म्हणते. आवाज घुमू नये म्हणून चारही भिंतींना जुन्या वाकळी खिळ्यांनी ठोकल्या आहेत. पंखा लावला की माइकमध्ये घरघर येते, म्हणून गाणं चालू असताना पंखा बंद. उन्हाळ्यात, म्हणजे ऐन लग्नसराईत, आत शिरलेला माणूस घामानं ओलाचिंब होऊन बाहेर येतो.

तुम्ही आमच्या भागात एखाद्या लग्नाला गेला असाल, तर आक्कांचा आवाज तुमच्या कानावरून गेलेला आहे. सकाळी हळदीच्या वेळी स्पीकरवर एका बाईचा जाडसर, किंचित घोगरा आवाज लागतो. त्यात त्या गावाच्या विहिरीचं, त्या घरच्या बैलाचं, त्या पोरीच्या मामाचं नाव येतं आणि कोपऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्या डोळ्याला पदर लावतात. तो आवाज आक्कांचा. गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. सकाळी चुलीपुढं बसल्या बसल्या कलंडल्या, दवाखान्यात नेईपर्यंत संपलंच. मला अजून त्यांच्या नावानं फोन येतात.

आक्का हिंगोलीजवळच्या साखरा गावच्या. सून होऊन आल्या तेव्हापासून गावातली एक हळद त्यांच्या गाण्याशिवाय झाली नाही, असं तिथले लोक सांगतात. मग नवरा गेला. कनेरगाव नाक्याजवळ मोटारसायकलला ट्रकनं उडवलं. पोरगी तेव्हा अंगणवाडीत जात होती. त्यानंतर आक्कांशी कोणी भांडलं नाही, कोणी टाकून बोललं नाही. फक्त हळदीचं बोलावणं येईनासं झालं. हळद सवाष्णींनी लावायची, सवाष्णींनीच गायची. हा नियम कुठं लिहिलेला नाही, म्हणून तो खोडायचा तरी कुठं?

पण बायकांना गाणं तर आक्कांचंच पाहिजे होतं. मग साखऱ्याच्या एका आजीनं शक्कल काढली. आक्कांना घेऊन ती माझ्या दुकानात आली आणि म्हणाली, "हिचा आवाज मशिनीत भरून द्या. नातीची हळद हाय."

मी म्हटलं, "आजी, बाई तर गावातच हायेत. मशीन कशाला? मी माइक पाठवतो, समोर बसून गातील."

आजीनं माझ्याकडं असं पाहिलं, की मला वाटलं आपल्या तोंडाला काही लागलंय का. आक्का मात्र हसल्या.

"भाऊ, माझा गळा चालतो. मी चालत न्हाई."

तेव्हा मला ते नीट कळलं नव्हतं. कळलं तोवर आक्का माइकसमोर बसल्याही होत्या. डावा हात कानावर, डोळे मिटलेले, आणि उजवा हात जात्याचा खुंटा धरल्यासारखा गोल फिरतोय. त्या हाताचा फटका बसून माइकचा स्टँड दोनदा पडला. शेवटी मी तो दोन हात लांब नेऊन ठेवला. गाणं एका दमात झालं.

"हळद दळिते गं, जातं गोडीनं बोलतं,
मामाच्या अंगणात ऊन पिवळं सांडतं."

मी काही गाण्यातला दर्दी नाही. दिवसभर कर्णे बांधतो आणि वायरी ओढतो. पण त्या दिवशी मला मरून गेलेली माझी आत्या आठवली. मी मशीन बंद करायचं विसरलो आणि त्या रेकॉर्डिंगच्या शेवटी "झालं का भाऊ?" हेही भरलं गेलं. पुढं ते तसंच गावोगाव गेलं. वसमतकडं कुठंतरी हळदीत पोरं अजून गाण्याच्या शेवटी मोठ्यानं ओरडतात म्हणे, "झालं का भाऊ?"

त्या एका गाण्यानं सुरुवात झाली. साखऱ्याच्या पाहुण्यांनी ऐकलं, त्यांच्या पाहुण्यांनी मागितलं. आक्का आठवड्यातून एकदा एसटीनं यायला लागल्या. मी त्यांचं यूट्यूबवर चॅनेल काढून दिलं. त्यावर फोटो टाकायचा म्हटलं तर त्यांनी साफ नकार दिला.

"माझं तोंड टाकू नको. तोंड पाह्यलं की लोक कपाळ पाहतात."

म्हणून चॅनेलवर हळदीच्या ताटाचा फोटो. ऐकणारे लोक खाली लिहायचे, ताई कुठल्या, ताई किती गोड. आक्कांना टाइप करायला जमायचं नाही, म्हणून त्या ज्याचा नंबर असेल त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर गाऊन उत्तर पाठवायच्या. एका दुकानदारानं 'छान' एवढंच लिहिलं होतं, त्याला दीड मिनिटाची ओवी गेली. बिचाऱ्यानं मला फोन करून विचारलं, आता पुढं काय करायचं असतं?

कामात मात्र थट्टा नाही. नवरीच्या आजीशी फोनवर बोलल्याशिवाय त्या गाणं बांधायच्या नाहीत. पोरगी लहानपणी कुठं खेळायची, कोणत्या झाडावरून पडली, देवी कोणती, सगळं विचारून घ्यायच्या. मी एकदा हौसेनं गाण्यामागं ढोलकी घातली. आक्कांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाल्या, "तुझी ढोलकी पळून राहिली भाऊ. हळद लावायची हाय का एसटी पकडायची हाय?" ढोलकी काढली. आठ दिवस मी रुसून होतो, पण त्यांचं बराबर होतं.

एकदा पुण्याहून एका कंपनीचा माणूस आला. सगळी गाणी आम्हाला द्या, म्हणाला. आवाज तुमचा, हक्क आमचा. आक्कांनी त्याला चहा पाजला आणि विचारलं, "म्हंजे नांगर माझा, बैल माझे, आन पीक तुमचं?" तो बरंच बोलला, जाहिरात, मोठं नाव, मोठी शहरं. आक्का मान हलवत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "तुमचं लगीन व्हायचं हाय ना? आधी मामाचं नाव सांगा." तो हसत हसत निघून गेला. गाणी आक्कांचीच राहिली.

हे सगळं त्या कशासाठी करत होत्या, ते मला एका दुपारी कळलं. वाशीमकडच्या एका मोठ्या घरानं त्यांना प्रत्यक्ष गायला बोलावलं होतं. नुसता आवाज ऐकून बोलावलेलं. आम्ही टेम्पोतून उतरलो. घरच्या बायकांनी आक्कांचं कपाळ पाहिलं आणि त्यांची आपसात कुजबुज सुरू झाली. कोणी वाईट बोललं नाही. एक बाई आली, गोड हसली आणि म्हणाली, "तुमी इकडं आत बसता का? तिथं ऊन हाय." आत म्हणजे पडद्यामागं. आक्का पडद्यामागं बसून गायल्या, आणि काय गायल्या! बाहेर सगळ्या बायका रडत होत्या. मीच एकटा होतो, ज्याला पडद्याच्या दोन्ही बाजू दिसत होत्या.

परतताना कनेरगाव नाक्याला ढाब्यावर थांबलो. "पडदा चांगल्या कापडाचा होता," आक्का म्हणाल्या. मी हसलो. त्या हसल्या नाहीत. ताटातली भाकरी तशीच ठेवून मला म्हणाल्या, "भाऊ, एक सांगून ठेवते. माझ्या पोरीच्या हळदीला मी मशिनीवर न्हाई गाणार. अंगणात बसणार, तिच्या पाटाच्या पुढ्यात, आन तोंड उघडून गाणार. कोण उठवतंय पाहते."

"लोक उठवतील आक्का. तुमचेच भावकीतले उठवतील."

"आज उठवतील. मोठ्या माणसाला कोणी उठवत न्हाई. म्हणून तर मोठं व्हायचं हाय मला."

बाकीचे लोक गाडीसाठी मोठे होतात, बंगल्यासाठी मोठे होतात. ही बाई एका पाटापुढच्या जागेसाठी मोठी व्हायला निघाली होती. आणि झालीही. औंढ्याच्या यात्रेत त्यांना भजनाला बोलावलं. तिथं हळद नव्हती, त्यामुळं कपाळाची कोणाला अडचण नव्हती. आक्का पहिल्यांदाच भर मंडपात, उघड्या तोंडानं गायल्या. स्पीकर माझेच होते. लोक उठेनात. मग नांदेड झालं, लातूर झालं. पोस्टरवर फोटो आला. साखऱ्यात विटांच्या दोन खोल्या उभ्या राहिल्या, जुन्या घराची एक खोली मागं तशीच ठेवली. पोरगी नर्सिंग शिकली आणि हिंगोलीत दवाखान्यात लागली. ती मला मामा म्हणायची आणि येता-जाता दुकानात डोकावून "माय आली का?" असं विचारायची.

मग कनेरगाव नाक्याजवळच्या एका मास्तरांचा फोन आला. त्यांच्या मुलीची हळद होती. "आक्का समोर बसून गातील," ते म्हणाले. "माझी पोरगी आहे, माझं अंगण आहे. ज्याला चालत नाही त्यानं नुसतं जेवायला यावं." मी आक्कांना सांगितलं तर त्यांचा विश्वासच बसेना. तीन वेळा त्यांनी मला पुन्हा फोन करायला लावला.

त्या दिवशी बायका आधी जरा दूर सरकून बसल्या. गाणं सुरू झालं तशा एकेक करून जवळ आल्या. शेवटी तर आक्कांभोवती एवढी गर्दी झाली, की मला माइकच दिसेना. कोणीतरी हौसेनं आक्कांच्या गालाला हळदीचं बोट लावलं. परतताना टेम्पोत त्या पदरानं घाम पुसायच्या, पण तो गाल सोडून. मला वाटलं, झालं, आता ही बाई जिंकली.

वर्षाच्या आत मास्तरांचा जावई गेला. काविळीनं गेला. साधी कावीळ, वेळेवर उपचार झाले नाहीत. त्यात कोणाचा काय दोष? मास्तर स्वतः साखऱ्याला जाऊन आक्कांना म्हणाले, "मनात काही आणू नका. तुमचा याच्याशी काहीएक संबंध नाही." आक्कांनी मान हलवली, मास्तरांना चहा केला, पोरीसाठी खण-नारळ द्यायला उठल्या आणि मग आठवलं म्हणून तशाच खाली बसल्या.

त्यानंतर दुकानात आल्या, की चपला काढता काढता विचारायच्या, "भाऊ, त्या मास्तरच्या पोरीचं कसं हाय?" दर वेळी. मी सांगायचो, बरी आहे, नोकरीला लागली, हसते-बोलते. त्या ऐकून घ्यायच्या. मास्तरांच्या अंगणातली हळद पाहून आणखी दोन-चार घरांनी त्यांना समोर बसून गायला बोलावलं होतं. एकालाही त्या गेल्या नाहीत. गळा धरलाय म्हणायच्या. गळ्याला काही झालं नव्हतं, रेकॉर्डिंग तर चालूच होतं.

पोरीची सोयरीक सेनगावला जमली. मुलाचं औषधांचं दुकान. मुलाची आई म्हणजे आक्कांच्या गाण्यांची वेडी. सुपारी फुटली त्या दिवशी तिनं चारचौघांत आक्कांचा हात धरला. "आमी पोरगी पाह्यलीच न्हाई, विहीणबाई. आमी आवाजावर सोयरीक केली. हळदीला तुमीच गायचं, अन् समोर बसून. आमच्याकडचं कोणी शब्द काढणार न्हाई." भावकीतले लोकही माना हलवत होते. आक्का आता मोठ्या झाल्या होत्या ना. मी खुशीत घरी आलो आणि माझ्याकडचा सगळ्यात चांगला माइक पुसून बाजूला ठेवला.

हळदीच्या आठवडाभर आधी आक्का दुपारच्या उन्हात दुकानात आल्या. आल्या त्या सरळ मागच्या खोलीत जाऊन बसल्या.

"भाऊ, पोरीचं गाणं भरून घे."

"काहून? तुमी समोर गाणार हाव ना?"

"भरून घे म्हणते ना."

मी भांडलो. होय, भांडलोच. माझा आवाज चढला. "कोण अडवून राहिलं तुमाला? नाव सांगा. सासू? भावकी?"

"कोणीच न्हाई. तीच तर तकलीफ हाय. कोणी अडवलं असतं तर भांडले असते."

"आक्का, शकुन-अपशकुन तुमीच हसण्यावारी न्यायच्या."

"लोकाच्या पोरी होत्या भाऊ, तवा हसत होते."

मी पंखा बंद केला. काहीतरी हलकं करावं म्हणून म्हटलं, "बरं, आधी मामाचं नाव सांगा." आक्कांना भाऊ नव्हता, हे मला माहीत होतं आणि बोलून गेल्यावर जीभ चावली. आक्कांनी माझ्याकडं पाहिलं आणि माझंच नाव घेतलं. ज्या बाईला दुसऱ्यांदा कधी गावं लागलं नाही, त्या दिवशी तिचं गाणं पुन्हा पुन्हा तुटत होतं. घाम पुसायच्या निमित्तानं आम्ही दोघंही बराच वेळ तोंडं पुसत होतो.

हळदीच्या सकाळी मी साखऱ्याला मंडप बांधून, दाराजवळ मशीन मांडून तयार होतो. अंगण माणसांनी भरलेलं. सेनगावहून मुलाकडच्या बायका उष्टी हळद घेऊन आल्या, सासू सगळ्यांत पुढं. पोरगी पाटावर बसली आणि चारी बाजूंनी पाहायला लागली.

"मामा, माय कुठं हाय?"

मी मागच्या खोलीकडं पाहिलं. दार लावलेलं होतं. मी गाणं सुरू केलं. आक्कांचा आवाज अंगणात भरला, सवाष्णींनी हळदीत हात बुडवले. पोरगी खाली मान घालून बसली. गाण्यात माझं नाव आलं तेव्हा बायका माझ्याकडं पाहून हसल्या. आणि अर्ध्या गाण्यात लाइट गेली.

स्पीकर बंद पडला. गाणं बंद पडलं नाही.

मागच्या खोलीतून, बंद दाराआडून, तेच गाणं त्याच ठिकाणाहून पुढं चाललं होतं. आक्का मशीनबरोबर आतल्या आत गात बसल्या होत्या. मशीन थांबलं हे त्यांना कळलंच नाही. जाडसर, घोगरा, खरा आवाज. सगळ्या बायकांचे हात हवेत तसेच राहिले. दोन ओळी, तिसरी ओळ, आणि मग आक्कांना बाहेरची शांतता ऐकू आली असावी. शब्द अर्ध्यात तुटला.

"थांबलात काहून विहीणबाई?" सासू ओरडली. "गा ना! आमी ऐकून राहिलो."

पोरगी पाटावरून उठली. हळद लागत असताना पाटावरून उठायचं नसतं, दोघी-तिघींनी तिला धरायला पाहिलं. ती ऐकते कुठं? ओल्या पिवळ्या अंगानं ती मागच्या दाराशी गेली. मी पाठोपाठ, सासू माझ्या पाठोपाठ.

"माय, दार उघड."

"पाटावर जाऊन बस बाई. उठू नाही असं."

"तुझ्यासमोर लावायची हाय मला हळद. उघड न्हाई तर मी लावूनच घेत न्हाई."

"मास्तरच्या पोरीपुढं गायले होते मी." आतला आवाज अगदी दाराला लागून येत होता. "माझं गाणं काय करायचं तुला? मला तुझं कुंकू पाहिजे. जा माझे माय, जा."

पोरगी बराच वेळ तिथं उभी राहिली. मग सासूनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला परत पाटाकडं नेलं. उरलेली हळद गाण्याशिवाय लागली. थोड्या वेळानं लाइट आली, पण मशीन लावायला माझा हात उठला नाही.

त्यानंतर आक्कांनी हळदीचं एकही गाणं भरलं नाही. भजनं गायच्या, यात्रांना जायच्या, नाव वाढतच होतं. पोरीला मुलगा झाला त्याचे पेढे घेऊन आल्या तेव्हा खुर्चीत ऐसपैस बसल्या. मी त्यांना इतकं खूश कधीच पाहिलं नव्हतं, औंढ्याच्या मंडपातसुद्धा नाही.

"पाह्यलं ना भाऊ? जावई ठणठणीत, लेकरू ठणठणीत. पोरगी सुखात हाय माझी. मी दार उघडलं न्हाई म्हणून."

मी पेढा हातात धरून बसलो. त्या माउलीच्या तोंडावर एवढं समाधान होतं, की तिला खोटं पाडायची माझी छाती झाली नाही. मी चहा सांगितला. ती आमची शेवटची भेट.

तेराव्याला साखऱ्याला गेलो. पंगत उठली, पाहुणे पांगले. पोरगी मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसली होती, मांडीवर लेकरू झोपलेलं. मी जाऊन शेजारी बसलो. तिनं हात लांब करून दाराची कडी हलवली. कडी खिळखिळ वाजली.

"मामा, ही जुनीच हाय. एका धक्क्यात निघाली असती."

"जाऊ दे बाई. मायनंच उघडलं न्हाई, त्याला तू काय करणार?"

"तसं न्हाई मामा." ती लेकराकडं पाहत होती. "धक्का मारायला हात उचलला होता मी. मग माय म्हणली, तुझं कुंकू पाहिजे. आन माझा हात खाली आला. मी रोज दवाखान्यात माणसं मरताना पाहते, मला काय कळत न्हाई का? तरी त्या येळंला भेव वाटलं मला. माझ्याच मायचं भेव वाटलं."